चुन्याखालचे नाव

अलेक्झांड्रिया शहरासमोर फॅरॉस नावाचे एक लहानसे बेट होते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, दुसऱ्या टॉलेमी राजाच्या काळी, तेथे शंभर मीटरहून उंच दीपगृह पूर्णत्वास गेले. पोर्तुगीज भाषेत दीपगृहाला ‘फारोल’ म्हणतात, तो शब्द या बेटाच्याच नावावरून आला. पुढे भूकंपांनी, विशेषतः १३०३ च्या भूकंपाने, ते खिळखिळे झाले. १३४९ साली प्रवासी इब्न बतूता पाहावयास गेला, तेव्हा आत शिरणेही अशक्य होते. १४७७ साली सुलतान कायतबेने त्याच जागी किल्ला उभारावयास घेतला. बेटही आज बेट उरलेले नाही. ते भूमीला जोडले गेले आहे.

या दीपगृहाशी सोस्त्रातस याचे नाव निगडित आहे. प्लिनी म्हणतो, राजाने उदार मनाने त्याला आपले नाव कोरू दिले. लुसियन मात्र निराळीच कथा सांगतो: सोस्त्रातसने आपले नाव दगडात कोरले, त्यावर चुन्याचा गिलावा चढवला आणि गिलाव्यावर राजाचे नाव लिहिले. कालांतराने गिलावा गळून पडला.

खरी कथा कोणती असेल ती असो. त्यांतील नैतिक भेद मोलाचा आहे. दुसऱ्याने कृतज्ञतेने दिलेले नाव स्वीकारण्यात पाप नाही. परमेश्वरही आपल्याला नावानेच हाक मारतो. परंतु वरून नम्रतेचा गिलावा आणि आत खोल कोरलेला हक्क, ही मनाची फसवणूक होय. चर्चला देणगी देताना ‘माझे नाव जाहीर करू नका’ असे आपण सांगतो आणि सणाच्या मिस्सेनंतर फादर आभार मानू लागले की कान टवकारतो. हे माझ्याही बाबतीत घडले आहे.

परंपरा असेही सांगते, की त्याच टॉलेमीच्या काळात फॅरॉस बेटावर बहात्तर यहुदी विद्वानांनी मोशेच्या नियमशास्त्राचे ग्रीक भाषांतर केले. पुढे संपूर्ण जुना करार ग्रीकमध्ये आला आणि नव्या कराराच्या लेखकांनी त्याचा आधार घेतला. त्या विद्वानांची नावे आज कोणाच्या ओठी नाहीत. दगडी दीप विझला. त्यांनी लावलेला दीप तेवतो आहे.

उजव्या हाताचे दान डाव्या हातापासूनही लपवावे, ही प्रभू येशूची शिकवण आपण जाणतो. तेव्हा प्रश्न एवढाच: आपण आपले नाव खरोखर पुसले आहे, की गिलावा गळण्याची वाट पाहत आहोत?