स्वप्नातलं पाखरू कुणाचं?

स्वप्नात कावळा आला, म्हणजे काय? रोह्याला कुंडलिकेच्या काठी बापाच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत जो ताटकळला, त्याच्या स्वप्नातला कावळा बापाचीच राहिलेली इच्छा घेऊन येतो. ज्या आईचा मुलगा मुंबईला असतो, तिच्यासाठी तोच कावळा पाहुण्याची वर्दी देणारा. ज्ञानेश्वरांच्या विरहिणीनेही त्याच्याकडेच शकुन मागितला होता. आणि पाच वर्षांच्या पोराच्या स्वप्नात येतो तो चिऊ-काऊच्या गोष्टीतला, पावसात घर वाहून गेलेला काऊ.

स्वप्नफलाच्या पुस्तकांत मात्र प्रत्येक पक्ष्यापुढे एकेक ठरीव फळ छापलेलं असतं. माझा विरोध आहे तो याला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात कपोत हा निर्ऋतीचा, म्हणजे विनाशाच्या देवतेचा दूत आहे; नोहाच्या गोष्टीत तोच ऑलिव्हचं पान घेऊन परततो आणि आज जगभर शांतीचं चिन्ह म्हणून मिरवतो. आपल्याकडे घुबड अशुभ, बंगालात ते लक्ष्मीचं वाहन. आपल्याच गावांत पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्याला लोक पिंगळा म्हणतात आणि पिंगळा हे एका छोट्या घुबडाचंही नाव! मग कुठलं फळ खरं धरायचं?

मनोविश्लेषक फ्रॉइडने १९०० सालच्या स्वप्नांवरच्या आपल्या ग्रंथात अशी ठरीव किल्ली पुरेशी मानली नाही. स्वप्न पाहणाऱ्याला त्यातून काय आठवतं, ते विचारायला हवं, असं त्याने सांगितलं. पण १९१० मध्ये लिओनार्दो दा विंचीच्या बालपणीच्या एका आठवणीचा अर्थ लावताना त्याच्यापुढचा पक्षीच चुकीचा होता. लिओनार्दोने लिहिली होती घार. फ्रॉइडच्या हाती आलेल्या जर्मन मजकुरात होतं गिधाड. त्या गिधाडावरून तो थेट इजिप्तच्या मातृदेवतेपर्यंत पोचला. एवढा मोठा माणूस, पण पाखरू चुकलं आणि तिथवरची वाटही चुकली.

गिधाडाचंच घ्या. रोहा, मुरूड आणि अलिबाग तालुक्यांत पसरलेलं फणसाड अभयारण्य, पलीकडे म्हसळ्याचा भाग, हा गिधाडांचा मुलूख. गावाबाहेर मेलेल्या ढोरावर त्यांची झुंबड पाहिलेली माणसं आजही आहेत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकने देशभरातली गिधाडं जवळजवळ संपवली. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. आजोबांना स्वप्नात गिधाड दिसलं, तर त्यात तो वास असेल, ती फडफड असेल, कदाचित सीतेसाठी पंख छाटून घेणारा जटायूही असेल. नातवाला दिसेल ते टीव्हीवरचं. पक्षी एक, स्वप्नं दोन. पेणच्या खारपट्ट्यात नांगरामागे फिरणारे बगळे न पाहता वाढलेल्या मुलाच्या स्वप्नात बगळा तरी कुठून येणार? आकाशातून पाखरू गेलं की काही काळाने ते झोपेतूनही जातं, असं मला वाटतं. हे नुकसान कुठल्याच पक्षिगणनेत मोजलं जात नाही.

म्हणून कुणी स्वप्न सांगितलं, तर पुस्तक उघडण्याआधी त्यालाच विचारा: पाखरू कोणतं होतं, तू ते जागेपणी कुठे पाहिलंस, तेव्हा सोबत कोण होतं? आणि घुबड दिसलं म्हणून परसातल्या झाडाच्या ढोलीवर दगड मारू नका. पेण-रोह्याच्या भातशेतीतले उंदीर तेच खातं, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण दिलेलं आहे.