दिव्यावरची टिकली

आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा एक छोटा पिवळा दिवा आहे. तो दिवाळीच्या आधी पेटला आणि मृग निघाला तरी विझला नाही. गाडी 2013 ची, पेट्रोलची. चालत होती, अडत नव्हती, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. रात्री मोहगावला परतताना मात्र तो दिवा डोळ्यांत खुपायचा. शेवटी मीच एक दिवस पर्समधली काळी टिकली काढली आणि त्यावर चिकटवून दिली.

हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की बाई फार व्रती आहे.

गाडी विकायचं ठरलं तेव्हा सौंसरला नोकरीला जाणाऱ्या एका नर्सने फोन केला. "काकू, काही दोष आहे का गाडीत?" मी म्हटलं, "काही नाही गं, घरच्या माणसासारखी वापरलीय." फोन ठेवला आणि टिकली आठवली.

मिस्त्रीला दाखवलं. तो म्हणाला, "काकू, तीनशे रुपयात दिवा बंद करून देतो. एक रेझिस्टर टाकला का झालं. कोनाले समजत नाही." ह्यांना ते पटलं. पण चिरंजीव नागपूरहून सुट्टीत आला होता. त्याने स्टिअरिंगखाली स्कॅनर लावला. पी-0135 असा आकडा आला. "आई, ऑक्सिजन सेन्सरचा हीटर गेलाय."

मला कळलं तसं सांगते. जळून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला, हे हा सेन्सर पाहतो. जास्त उरला तर पेट्रोल कमी पडतंय, उरलाच नाही तर जास्त होतंय. त्याच्या सांगण्यावरून गाडीचा कॉम्प्युटर क्षणाक्षणाला पेट्रोल कमी-जास्त करतो. 1976 साली व्होल्वोच्या गाडीत तो पहिल्यांदा बसला. पण त्याच्या टोकाची सिरॅमिक तीनशे-साडेतीनशे डिग्री तापल्याशिवाय तो बोलत नाही, म्हणून त्याच्या पोटात हीटर. हीटर गेला की धुराच्या उष्णतेने तापेपर्यंत सेन्सर मुका, आणि तोवर कॉम्प्युटर अंदाजाने, सैल हाताने पेट्रोल सोडतो.

आता आमची गाडी जाते कुठे? दुकान, बाजार, संत्र्याची बाग. तापायच्या आत घरी परत. पीयूसीचा कागद मात्र खरा होता, कारण तो सौंसरला काढला होता आणि तिथे पोचेपर्यंत गाडी चांगली तापलेली. तो कागद मी कुणालाही ताठ मानेने दाखवला असता.

आपण पाणी गाळून पितो. वायुकायिक जीवांचा विचार करून दिवा फुंकून विझवत नाही. आणि गाडीच्या नळीत धूर शुद्ध करणारी जी गाळणी असते, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ती जादा पेट्रोलाने खराब होत असताना मी वर टिकली लावून बसले होते. शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी गाडी सुरू ठेवून किती वेळा उभी राहिले असेन, देव जाणे.

हे म्हणाले, "यंत्राला कुठे जीव आहे? कॉम्प्युटरला फसवलं तर कुणाची हिंसा झाली?" प्रश्न अगदीच फालतू नाही. अजीवाशी खोटं बोलता येतच नाही, हे मलाही मान्य. पण दिवा यंत्रासाठी नसतो, माणसासाठी असतो. माझी टिकली नखाने निघते, आणि तिच्याखाली काय आहे हे मला ठाऊक होतं. रेझिस्टर निघत नाही. तो गाडीबरोबर नर्सच्या दारात जाईल आणि तिच्या गाडीला कायम 'सगळं ठीक आहे' म्हणायला लावील.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्याचे पाच अतिचार सांगितलेत. त्यातला एक हीनाधिक मानोन्मान, म्हणजे खोटी मापं. आमच्या दुकानात तो कधी झाला नाही; मामंजी वजनांवर शिक्का मारून घ्यायला एक दिवस उशीर होऊ द्यायचे नाहीत. त्याच्या लगेच पुढचा प्रतिरूपक व्यवहार. अस्सलाच्या जागी त्याच्यासारखं दिसणारं नकली देणं. लहानपणी मला वाटायचं की हे तुपात डालडा मिसळणाऱ्यांसाठी आहे.

अडीच हजारांचा सेन्सर नागपूरहून आला. चिरंजीवाने बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, जुन्या सेन्सरच्या आट्यांवर तेल मारून तासभर ठेवलं, मग 22 नंबरचा पाना लावला. हलेना. मी म्हटलं, इंजिन थोडं गरम कर. कोमट झाल्यावर करकरत सुटला. टोक काजळीने काळं, समईच्या वातीसारखं. मल्टिमीटर लावला तर हीटरची तार आतून तुटलेली. नवीन सेन्सर आधी हाताने फिरवला, आटे नीट बसल्यावरच पाना. आट्यांना पेस्ट लावायची, टोकाला लागू द्यायची नाही, एवढंच जपायचं. कोड पुसला, गाडी सुरू केली. मी टिकली काढली. खाली दिवा नव्हता.

इथे थांबता आलं असतं. ह्यांचंही तेच मत. दोष होता, काढला, आता 'काही दोष नाही' हे वाक्य खरं झालं. पण मी ते बोलले तेव्हा खरं नव्हतं, आणि आठ महिन्यांत त्या गाळणीचं काय झालं ते आत शिरून कोण पाहणार? मी नर्सला फोन करून सगळं सांगितलं, टिकलीसकट. मला वाटलं होतं, ती म्हणेल, काकू, किती प्रामाणिक तुम्ही.

ती म्हणाली, "मग अजून काय काय लपवलंय?"

मला राग आला, खोटं कशाला बोलू. रात्रभर आला. सकाळी वाटलं, तिने दुसरं काय विचारावं? मी तिला म्हटलं, तुझा मिस्त्री आण, स्कॅनर आण, हवं ते उघडून बघ. तिने दोन दिवस घेतले, पांढुर्ण्याहून मिस्त्री आणला, त्याने तासभर गाडी फिरवली. सहा हजार कमी करून तिने गाडी नेली.

ह्यांना ते सहा हजार अजून पटलेले नाहीत. जेवताना विषय निघतो. परवा नर्सचा फोन आला, मायलेज सतराचं पडतंय म्हणून. मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "पडेलच की, सेन्सर आपण घातलाय."