आवरणे आणि ठेवणे

मुलांची खेळणी आणि चित्रकलेचं सामान आवरण्यासाठी आता तऱ्हेतऱ्हेच्या वस्तू मिळतात. कडेने नाडी ओवलेलं मोठं गोल कापड असतं. ते जमिनीवर पसरायचं, त्यावर ठोकळे ओतायचे, मुलानं खेळायचं, आणि खेळ संपला की नाडी ओढायची. कापडाची पिशवी होते आणि पिशवी खुंटीला जाते. वर मूठ असलेले कप्प्यांचे डबे असतात. एका कप्प्यात कात्री, दुसऱ्यात डिंक, तिसऱ्यात स्केचपेनं. चाकांवरची तीन मजली ट्रॉली असते, ती एका खोलीतून दुसरीत ढकलत नेता येते. ज्या घरात जेवणाचं टेबल संध्याकाळी अभ्यासाचं होतं आणि रविवारी चिकटकामाचं, तिथे या वस्तू खरोखर उपयोगी पडतात. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. मला पडलेला प्रश्न असा : दुसऱ्यानं मांडलेलं आवरण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो? आणि आवरणं इतकं सोपं झालं की त्या अधिकाराचं काय होतं?

नाडीचं कापड तसं नवं नाही. आपल्याकडे त्याला बोचकं म्हणतात. परटाचं बोचकं, बोहारणीचं बोचकं, घर बदलताना चादरीत बांधलेलं बोचकं. चार टोकं एकत्र आणली की आत काय आहे, कशावर काय ठेवलं होतं, हे सगळं एका गाठीखाली येतं. बोचक्याचा गुण तोच त्याचा दोष. ते निवडत नाही. ढीग आणि रचना यांतला फरक त्याला कळत नाही. ठोकळ्यांचा नुसता ढीग असेल तर काहीच बिघडलं नाही. पण त्या ढिगाच्या जागी एक बसस्थानक असेल, त्यात तीन बसगाड्या रात्रीच्या मुक्कामाला थांबलेल्या असतील, तर नाडी ओढल्यावर तेही ठोकळेच होतात.

मराठीत या सगळ्या व्यवहाराला चार शब्द आहेत आणि चौघांचे स्वभाव वेगळे आहेत. मूल खेळ ‘मांडतं’. आपण डाव मांडतो, संसार मांडतो, पाट मांडतो, मत मांडतो. स्वयंपाकघरात भांडी लावायची ती मांडणी आणि लेखातल्या विचाराची असते तीही मांडणी. म्हणजे मांडणं ही क्रमाची, हेतूची क्रिया आहे. पण तीच मांडणी दारातून आत येणाऱ्या मोठ्या माणसाला ‘पसारा’ दिसते. पसारा म्हणजे प्रसार, पसरलेलं. संतांच्या परंपरेनं अवघ्या संसारालाच पसारा म्हटलं, तेव्हा त्यात दोषाबरोबर थोडं कौतुकही होतं. घरात मात्र त्यातला दोष तेवढा उरला. तिसरा शब्द ‘आवरणे’. खोली आवरायची, केस आवरायचे, रडू आवरायचं, रागही आवरायचा. ‘आवर लवकर’ म्हणजे घाई कर, आणि ‘आवरतं घे’ म्हणजे पुरे कर. जवळच ‘आवरण’ बसलेलं आहे, झाकणारं. इंग्रजीतला ‘टायडी’ हा शब्दही मुळात वेळेशी जोडलेला होता, ‘वेळेवर झालेलं’ अशा अर्थाचा. तेव्हा मुलाला ‘आवर’ म्हणताना आपण तीन हुकूम एकदम देतो : नीट कर, थांब आणि आटप. यातला कोणता हुकूम आपल्याला खरोखर द्यायचा आहे, हे आपण स्वतःलाही क्वचितच विचारतो.

चौथा शब्द ‘ठेवणे’. त्याकडे मी शेवटी येते.

वाल्टर बेन्यामिन या जर्मन लेखकाच्या १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वन-वे स्ट्रीट’मध्ये पसारा करणाऱ्या मुलावर एक छोटा मजकूर आहे. त्याचा रोख असा, की अशा मुलाचा खण आवरणं म्हणजे एक इमारत पाडणं. मुलाच्या बाजूनं इतकं नेमकं क्वचितच कुणी लिहिलं असेल. पण तो वाचताना मला नेहमी एक प्रश्न पडतो : त्या घरात केर कोण काढत होतं? मुलाच्या स्वातंत्र्याची तरफदारी करणं सोपं असतं, कारण त्याचं भाडं बहुधा दुसऱ्याच कुणाला भरावं लागतं. म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या किंवा पुण्याच्या कोथरूडमधल्या फ्लॅटमध्ये सकाळी कामाला येणाऱ्या बाईच्या हातात तीन घरं असतात. जमिनीवर पडलेला कागदाचा चतकोर तुकडा कचरा आहे की कुणाच्या घराचं दार, हे तिनं अर्ध्या मिनिटात ठरवायचं असतं. दार फेकलं गेलं तर रडणं तिच्या नावावर जमा होतं, आणि कचरा राहिला तर बोलणीही तिलाच. आईची स्थिती फार वेगळी नसते. म्हणून ‘मुलांनी मांडलेलं मोडू नये’ हा नियम ऐकायला सुंदर असला तरी तो न्याय्य नाही. जमीन एकच आहे, आणि तिच्यावर मुलाशिवाय इतरांनाही चालायचं आहे.

शिवाय काही वस्तू स्वतःच आवरायला सांगतात. टोपण न लावलेलं स्केचपेन सकाळपर्यंत वाळतं. डिंकाची बाटली उघडी राहिली की तोंडाशी गोळा होतो. ब्रश रंगासकट ठेवला तर दुसऱ्या दिवशी काडी होऊन बसतो. इथे आवरणं ही मोठ्यांची जुलमी शिस्त नाही, वस्तूची काळजी आहे, आणि ती मुलालाही लवकर कळते. सगळा पसारा एकाच जातीचा नसतो, एवढंच यातून घ्यायचं.

मांडलेलं कसं मोडावं, याबद्दल म्हैसूरकडे एक जुनं शहाणपण आहे. इथे नवरात्रात घरोघरी बाहुल्या मांडतात. कन्नडमध्ये त्याला ‘गोंबे कूरिसुवुदु’ म्हणतात, म्हणजे बाहुल्या बसवणं. आपण घट बसवतो, गणपती बसवतो, तसंच. विषम संख्येच्या पायऱ्या रचायच्या, त्यावर पांढरं कापड घालायचं, आणि सर्वांत वरच्या पायरीवर ‘पट्टद गोंबे’ ठेवायची. ही राजा-राणीची जोडी परंपरेनं रक्तचंदनाच्या लाकडाची असते. लग्नात ती माहेराहून मुलीला दिली जाते, म्हणजे बाहुल्यांचं बिऱ्हाड आईच्या घरातून लेकीच्या घरात जातं. खालच्या पायऱ्यांवर देवदेवता, लग्नाची वरात, धान्याच्या दुकानात बसलेले शेट्टी नवरा-बायको, चन्नपट्टणची लाखेनं रंगवलेली लाकडी खेळणी. नजरबाद भागात रामसन्स कला प्रतिष्ठान दसऱ्याच्या सुमारास ‘बोंबे मने’ नावाचं बाहुल्यांचं प्रदर्शन भरवतं. तिथे पिढ्यांचा तुटवडा नव्या बाहुल्यांनी भरून काढायला लोक येतात.

या सणाचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते त्याचं आवरणं. काही घरांत विजयादशमीच्या रात्री एक बाहुली आडवी करतात, निजवतात. मगच दुसऱ्या दिवशी बाकीच्या उतरवायच्या. एकेक बाहुली जुन्या मऊ कापडात गुंडाळून पेटीत जाते आणि पेटी माळ्यावर. जे नऊ दिवस उभं होतं ते संपलं, हे आधी त्या मांडणीला सांगितलं जातं, आणि हात नंतर लागतो. आपल्याकडेही गणपती हलवण्याआधी उत्तरपूजा होते, त्याशिवाय मूर्ती जागची हलत नाही. मोठ्या माणसांनी मांडलेल्या गोष्टी मोडण्यासाठी आपण इतका विधी निर्माण केला, आणि मुलांनी मांडलेल्या गोष्टींसाठी नाडी.

कुणी म्हणेल, देवाची मांडणी आणि ठोकळ्यांचं बसस्थानक यांची तुलना कशाला? तुलना पावित्र्याची नाही. विधीमध्ये एक साधी, लौकिक गोष्ट दडलेली असते : शेवट जाहीर करणं. महाराष्ट्रात मुलं दिवाळीत मातीचा किल्ला करतात, त्यावर मावळे उभे करतात, अळीव पेरतात. तो किल्ला अंगणात किती दिवस राहणार, हे साधारण सगळ्यांना माहीत असतं. दिवाळी सरली की माती परत अंगणात जाते आणि मावळे खोक्यात. त्या दिवशी मूल हिरमुसतं, पण त्याच्यावर अन्याय झालेला नसतो. शेवट त्याला आधीपासून दिसत होता. अन्याय मोडण्यात नसतो. न सांगता, न बघता मोडण्यात असतो. मोडताना समोर काय होतं हे पाहण्याचीही गरज वाटली नाही, यात असतो.

मग न मोडता जपायचं ठरवलं तर? त्याचंही उदाहरण म्हैसुरात आहे. राजवाड्यातल्या ‘गोंबे तोट्टी’त, म्हणजे बाहुल्यांच्या दालनात, जुन्या बाहुल्या कायमच्या मांडलेल्या आहेत. त्या सुरक्षित आहेत, सुंदर आहेत, आणि कुणी त्यांच्याशी खेळत नाही. कधीच न आवरलेली मांडणी संग्रहालय होते. पुढच्या वर्षी बाहुल्या पुन्हा बसवता याव्यात म्हणून त्या यंदा उतरवाव्या लागतात. तेव्हा आवरणं हा खेळाचा शत्रू नाही; नीट केलं तर तो खेळाचाच एक भाग आहे.

‘नीट’ म्हणजे काय, हे गंजिफाच्या पेटीकडे पाहून कळतं. हे हातानं रंगवलेले गोल पत्ते म्हैसुरात होते आणि सावंतवाडीतही. म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडियार यांनी गंजिफाचे स्वतःचे प्रकार रचले. ‘श्रीतत्त्वनिधी’ या त्यांच्या ग्रंथातल्या ‘कौतुकनिधी’ या भागात ते आहेत. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे प्रत्येकी १२, असे १२० पत्ते असतात. हे पत्ते ठेवायला लाकडी पेटी असते, सरकत्या झाकणाची, आणि ती पेटीही पत्त्यांइतक्याच प्रेमानं रंगवलेली. बोचकं जमा करतं, तर पेटी मोजते. १२० मधला एक पत्ता हरवला की उरलेल्या ११९ चा खेळ होत नाही. त्यामुळे पेटीत ठेवणाऱ्याला प्रत्येक पत्ता हातातून जाऊ द्यावा लागतो. तो ‘हे पुन्हा लागणार आहे’ असं मानून आवरतो. काही खेळण्यांना बोचकं पुरतं, काहींना पेटी लागते. कुठल्याला काय, हे खेळणारा सांगू शकतो, दुकानदार नाही.

उचलून नेता येण्याचा एक वेगळाच अर्थ आपल्या बालशिक्षणाच्या इतिहासात आहे. मारिया मॉन्टेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या, पण त्यांची पद्धत त्याआधीच गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्यामार्फत इथे पोचली होती. त्या पद्धतीत मुलाच्या उंचीची उघडी मांडणी असते, साधन उचलून आपल्या चटईवर आणायचं, काम झालं की जागेवर नेऊन ठेवायचं. चटईची कड म्हणजे त्या मुलाची हद्द. दुसऱ्यानं तिच्यावर पाय द्यायचा नाही. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या, आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे महागडी साधनं परवडणारी नव्हती आणि मुलं शाळेत येणारी नव्हती. मग शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. शाळा मुलांच्या अंगणात गेली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात. उचलून नेता येणारं सामान तिथे खोली मोकळी करण्यासाठी नव्हतं. मूल जिथे आहे तिथे पोचण्यासाठी होतं.

हा फरक मला मोलाचा वाटतो, आणि बाजारातल्या डब्यांकडे पाहायला तो एक साधी कसोटी देतो : ही मूठ कुणाच्या हाताच्या मापाची आहे? पाच वर्षांच्या मुलाला उचलता येईल एवढा डबा असेल, तर तो मुलाला घरभर आपलं काम नेण्याची मोकळीक देतो, आणि आवरण्याचा निर्णयही थोडासा त्याच्या हातात जातो. केर काढणाऱ्या बाईला समोर एक हद्द दिसते : चटईवरचं त्याचं, बाहेरचं जमिनीचं. पण शंभर ठोकळ्यांची पिशवी फक्त मोठ्या माणसालाच उचलता येत असेल, तर नाडी कुणी ओढायची हे तिच्या वजनानंच ठरवून टाकलेलं असतं.

आणि आता चौथा शब्द. ‘ठेवणे’ या क्रियापदापासून मराठीत ‘ठेव’ आली. ठेव म्हणजे दुसऱ्याची आपल्यापाशी असलेली वस्तू, मागितल्यावर परत द्यायची. बँकेतली ठेव तीच. आवरताना आपण जागा मोकळी करतो; ठेवताना आपण एक जबाबदारी घेतो. आवरणाऱ्याचं लक्ष रिकाम्या जमिनीवर असतं, तर ठेवणाऱ्याचं उद्या ती वस्तू मागायला येणाऱ्यावर. बाहेरून दोन्ही क्रिया सारख्याच दिसतात, दोन्हींनंतर खोली सारखीच स्वच्छ होते. फरक दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो, जेव्हा मूल विचारतं, माझी तिसरी बस कुठे आहे, आणि घरात कुणाला तरी त्याचं उत्तर ठाऊक असतं किंवा नसतं.

त्यामुळे पिशवी घ्यायला हरकत नाही, डबाही घ्यावा. फक्त नाडी ओढण्याआधी दोन वाक्यं बोलावीत. ‘आता जेवायची वेळ झाली, हे मोडावं लागेल’ हे एक, आणि ‘यातलं काय उद्यापर्यंत उभं राहू द्यायचं?’ हे दुसरं. दुसऱ्या प्रश्नाला मूल बहुधा ‘सगळं’ म्हणेल. मग घासाघीस होईल, एक कोपरा ठरेल, बसस्थानक राहील आणि रस्ते जातील. यात पाच मिनिटं मोडतात, आणि झटपट आवरण्याच्या सोयीनं वाचवलेला सगळा वेळ त्यात जातो. पण आपलं मांडलेलं कुणीतरी पाहिलं, त्याचा काही भाग आपल्या शब्दावर राहिला आणि उरलेला आपल्याला सांगून गेला, हे ज्या मुलाला माहीत असतं, त्याला दुसऱ्याच्या चटईवर पाय देऊ नये हे वेगळं शिकवावं लागत नाही.