सोय कोणाची?

मनुष्याच्या नीतीची परीक्षा रणांगणावर किंवा न्यायासनासमोर होते, असे आपण सामान्यतः मानतो. ती स्वयंपाकघरात रोजच होत असते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. सत्य, न्याय आणि कर्तव्य यांची चर्चा तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत विपुल आढळते. परंतु जाते कोणी ओढावे, चुलीचा धूर कोणी गिळावा, पाटा-वरवंट्यापुढे आयुष्यातील किती तास कोणी घालवावे, या प्रश्नांना त्या ग्रंथांत फारसा थारा मिळाला नाही. आज घरगुती यंत्रांच्या बाजारात प्रतिवर्षी नवी नवलाई अवतरते. दारावर चित्रे दाखविणारा फ्रिज आला, मोबाइलवरून हुकूम घेणारा ओव्हन आला. अशा वेळी ‘यंत्र बरे की वाईट’ हा जुना वाद पुन्हा उकरून काढण्यात आम्हांस स्वारस्य नाही. प्रश्न आहे तो इतकाच की, अशा नव्या उपकरणाचे मोल ठरवावयाचे कशावरून?

योगायोग असा की, 1990 या एकाच वर्षी दोन वस्तू बाजारात आल्या आणि दोहोंसही कीर्ती लाभली. पहिली वस्तू म्हणजे फिलिप स्टार्क या फ्रेंच रचनाकाराने इटलीतील आलेसी कंपनीसाठी घडविलेले लिंबू पिळण्याचे साधन, ‘जूसी सालिफ’. तीन उंच पायांवर उभी असलेली ती ॲल्युमिनियमची आकृती पाहून कोणासही कोळ्याची आठवण व्हावी. दहा वर्षांनी तिची सोन्याचा मुलामा दिलेली आवृत्ती निघाली. तिजवर मात्र लिंबू पिळावयाचे नाही, कारण आंबट रसाने मुलामा डागाळतो! दुसरी वस्तू अमेरिकेतील ऑक्सो कंपनीचे एक साधे सोलाणे. सॅम फार्बर यांच्या पत्नीचे हात संधिवाताने अधू झालेले होते आणि नेहमीच्या सोलाण्याची बारीक, कठीण मूठ त्यांना धरवत नसे. हे पाहून फार्बर यांनी जाड व मऊ मुठीचे सोलाणे तयार करविले. अधू हातासाठी केलेली ती मूठ धडधाकट हातांनाही अधिक सुखाची वाटली.

पहिल्या वस्तूच्या कर्त्याने पाहणाऱ्याचा डोळा विचारात घेतला. दुसरीच्या कर्त्याने वापरणाऱ्याचा हात. आमच्या मते, उपकरणाच्या मोलाची कसोटी याच भेदात आहे. याचा अर्थ सौंदर्य त्याज्य आहे, असा मात्र कोणी करू नये. आपल्याकडील मोराच्या आकाराचा पितळी अडकित्ता पाहावा. तो सुंदर आहे, आणि सुपारीही नेमकी कातरतो. शोभेने कामाच्या हातात हात घातला, तर तक्रारीस जागा नाही; शोभा कामाच्या खांद्यावर चढून बसली, म्हणजे मात्र विचार करावा लागतो.

आम्ही वरोऱ्यास राहतो, म्हणून ‘हात’ हा शब्द आम्हांस काहीसा निराळा ऐकू येतो. बाबा आमटे व साधनाताई यांनी 1949 साली स्थापिलेले आनंदवन या गावाला लागूनच आहे. कुष्ठरोगाने ज्याच्या हाताची संवेदना गेली, त्यास तापलेले भांडे भाजते, परंतु भाजल्याचे कळत नाही. आपणांस वेदना ‘हात मागे घे’ म्हणून सांगते. त्यास सांगणारे कोणी नसते. अशा हातासाठी भांड्यास लावलेली लाकडाची जाड मूठ ही शोभा नव्हे, आणि केवळ सोयही नव्हे. शरीरातून हरपलेल्या वेदनेचे कर्तव्य ती आपल्या शिरावर घेते. उपकरणाने मनुष्याची सेवा करावी, या वाक्याचा याहून स्पष्ट अर्थ आम्हांस ठाऊक नाही.

याच लोहमार्गावर उत्तरेस वर्धा लागते. तेथील मगनवाडीत 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे ठाणे होते आणि कुमारप्पांसारख्या अर्थशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली तेथे ‘मगन चूल’ तयार झाली. मातीचीच चूल, परंतु एका जाळावर एकाहून अधिक भांडी तापावीत आणि धूर नळावाटे घराबाहेर जावा, अशी तिची रचना. तिला विजेची गरज नव्हती, की परदेशी धातूची. तरीही तीत भविष्याचा विचार आजच्या कित्येक चकचकीत यंत्रांहून अधिक होता. कारण चुलीपुढे बसणारीचे डोळे कर्त्यांनी पाहिले होते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. यंत्रांचे टीकाकार म्हणून प्रसिद्ध असलेल्या गांधीजींनी 1924 साली शिवणयंत्रास अपवाद केला होता. सिंगरने पत्नीचे कष्ट पाहून प्रेमापोटी ते घडविले, असे त्यांनी सांगितले. इतिहास या कथेस फारसा अनुकूल नाही; सिंगरचे लक्ष नफ्याकडे होते. परंतु कथा अक्षरशः खरी धरली, तरी एक प्रश्न उरतोच: शिवावयाचे पत्नीनेच का? प्रेमाने कष्ट हलके केले; कष्टांची वाटणी मात्र होती तशीच ठेवली. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन विदुषीने 1983 सालच्या आपल्या ग्रंथात हेच दाखविले आहे. घरात यंत्रे आली, तसे पुरुषांचे व मुलांचे घरकाम सुटले. गृहिणीचे मात्र वाढत्या अपेक्षांमुळे उरलेच. आपल्याकडे निराळे काय घडते? मिक्सर आला, म्हणून दोन चटण्या अधिक झाल्या. कपडे धुण्याचे यंत्र आले, म्हणून एकदा घातलेला सदरा लगेच धुण्यास पडू लागला. यंत्र वेळ देते. तो कोणाच्या पदरी पडावा, हे यंत्र ठरवीत नाही. तो न्याय घरानेच करावयाचा असतो.

आणखी एक हात आहे, तो तर आपणांस मुळीच दिसत नाही. शहरातील स्वयंपाकघर आज धूरविरहित झाले. परंतु धूर नाहीसा झाला, की केवळ स्थलांतरित झाला? या मुलुखातील कोळसा जाळून चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात निर्माण होणारी वीज तारांवरून दूरच्या नगरांस जाते. राख आणि काजळी येथेच राहते. आणि त्याच तारांखालच्या रानात सरपण वेचावयास स्त्रिया आजही जातात. 2016 पासून उज्ज्वला योजनेने पुष्कळ घरी गॅसची शेगडी पोहोचविली. परंतु पुढचे सिलिंडर भरण्यास पैसा नसला, म्हणजे पाय पुन्हा रानाकडेच वळतात. तेथे वाघाच्या तोंडी सापडलेल्या स्त्रियांच्या वार्ता आमच्या जिल्ह्यास नव्या नाहीत. अशा घरी कोणते उपकरण हवे आहे, हे जाणावयास भविष्यवेत्त्याची आवश्यकता नाही.

गोदरेज कंपनीने तसा प्रयत्न एकदा केला होता. 2008 साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील स्त्रियांस सोबत घेऊन तिने ‘छोटूकूल’ या लहानशा शीतपेटीची रचना केली. वरून उघडणारी, उचलून नेण्याजोगी, बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चालणारी अशी ती पेटी होती. हेतू चांगला, पद्धतीही योग्य. परंतु पुढे ती खेड्यातील घराऐवजी शहरी हौसेकडे वळली. हात पाहून जन्मास आलेली वस्तूही बाजारात उतरली, की डोळ्यांच्या ओढीस लागते, ती अशी.

म्हणून नवे उपकरण घरी आणण्यापूर्वी त्याच्या किमतीबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत, असे आम्हांस वाटते. हे कोणाच्या हाताकडे पाहून घडविले आहे? याने वाचणारा वेळ आमच्या घरात कोणास मिळणार आहे? आणि याची राख कोणाच्या अंगणात पडणार आहे? या प्रश्नांची उत्तरे दुकानदारापाशी मागण्यात अर्थ नाही. ती बहुधा आपल्यापाशीच असतात, आणि म्हणूनच ते प्रश्न विचारण्याचे आपण टाळतो.