पाकिटावरचे नाव

गेल्या वैशाखात माझ्या पुतणीचे लग्न झाले. लग्नघरात प्रत्येकाच्या वाट्याला काही ना काही काम येते. मी पडलो शाळामास्तर आणि वर कादंबऱ्या लिहिणारा. तेव्हा पत्रिकांचे पत्ते माझ्याकडे आले. 'तुमचे अक्षर चांगले' असे वहिनी म्हणाल्या. पण अक्षराला आता कोण विचारतो? भाच्याने माझा मोबाइल मागून घेतला, त्यातली सारी नावे संगणकावरच्या तक्त्यात उतरवली आणि म्हणाला, "मामा, पत्ते भरून द्या. लेबले छापू. एका कागदावर चोवीस."

नावे निघाली ८१२. त्यांत गॅसवाला होता, दोन नारळ पाडणारे होते, एकच गृहस्थ तीन निरनिराळ्या नावांनी होते; आणि सात माणसे आता या जगात नव्हती. त्या सातांना पुसायला माझे बोट धजेना, म्हणून ते काम मी भाच्यावर सोपवले. पण खरी अडचण पुढेच होती. फोन माणसाचा असतो, पत्रिका घराला जाते. नवरा, बायको, दोन मुलगे, चौघांचे चार फोन. पाकीट मात्र एकच. भाच्याने तक्त्यात 'घर' नावाचा एक निराळा रकाना केला आणि एका घरच्या माणसांना एकच आकडा दिला. ८१२ नावांची १९३ घरे झाली.

पत्त्याच्या बाबतीत आम्ही शिरोडेकर जरा हळवे असतो. आमचे शिरोडे वेंगुर्ले तालुक्यातले. दुसरे शिरोडे गोव्यात, फोंडा तालुक्यात. अशी जुळी गावे देशभर आहेत. त्यांची पत्रे चुकू नयेत म्हणून डाकखात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिन कोडाची योजना आखली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. वेलणकर संस्कृतातले कवी, आपल्या कोकणातलेच. आमचा आकडा ४१६ ने सुरू होतो, गोव्याचा ४०३ ने. गाव चुकू नये याची तरतूद त्या कविमनाच्या माणसाने करून ठेवली. पण घर कोणाच्या नावाने ओळखायचे, हे काही आकडा सांगत नाही.

१९२ घरे बिनबोभाट पार पडली. एक अडले. माझ्या फोनमध्ये त्या घराची नोंद होती, 'काका सावंतवाडी (घर)'. काका तीन वर्षांपूर्वी गेले. घरी काकी एकटीच.

"काकींचे नाव सांगा," भाचा म्हणाला.

मी तोंड उघडले आणि तसाच थांबलो. मला ते ठाऊक नव्हते.

शिक्षकाचा अभ्यासक्रम करताना मी दोन वर्षे त्या घरी राहिलो होतो. तापात तिने माझ्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवल्या होत्या. काका तिला 'अगो' म्हणत, आम्ही 'काकी'. कादंबरीतल्या बायकांना शोभतील अशी नावे शोधण्यात मी आठवडे घालवतो, आणि जिने मला दोन वर्षे जेवू घातले तिचे नाव मी कधी विचारले नव्हते! शाळेच्या पटावर मी रोज आयांची नावे लिहितो. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात तर आता आईचे नाव बापाच्या आधी यायचे. ही सुधारणा मी वर्गात अभिमानाने समजावून दिली होती.

शेवटी फोन केला. काकी खळखळून हसली.

"खयचा नाव होया तुका? बापाशीन ठेवलेला, की लग्नात तांदळात लिवलेला?"

मी म्हणालो, दोन्ही सांग. तिने सांगितली. माहेरचे नाव सांगताना ती किंचित अडखळली. आई गेल्यावर त्या नावाने तिला कुणीच हाक मारलेली नव्हती. मग म्हणाली, "पण पाकिटार त्येंचाच नाव घाल. पोस्टमनाक ताच म्हायत आसा."

भाच्याला हे पटेना. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांवर लादलेल्या चाली बंद करण्याचा ठराव केला, तो त्याला तोंडपाठ होता. गेलेल्या माणसाच्या नावाने पत्रिका पाठवायची आणि जित्या बाईला तिच्यामागे उभी करायची, हा अन्याय नव्हे काय? तो चुकत होता असे मला म्हणवत नाही. तिची इच्छा तिची स्वतःची, की पन्नास वर्षांच्या सवयीची? पण मग माझ्या इच्छा तरी कुठे सवयीवाचून जन्मल्या आहेत? तिच्या भल्यासाठी तिचेच म्हणणे मोडायचे, तर तिला न विचारणाऱ्यांत मी आणखी एकाची भर घालणार. शिवाय मला शंका येते, तिचे नाव छापण्याची घाई मला झाली होती ती तिच्यासाठी की माझी लाज झाकण्यासाठी?

लेबल तिने सांगितले तसेच छापले. भाचा दिवसभर माझ्याशी बोलला नाही. फोनमधली नोंद मात्र मी बदलली. तिथे तिचे माहेरचे नाव घातले. तेवढे तिला विचारले नाही.

आठवड्याने फोन वाजला. पडद्यावर एका अनोळखी मुलीचे नाव उमटले. ही कोण, हे क्षणभर मला उमगेना. घेतला, तर काकी. पत्रिका पोचली, एवढेच तिला सांगायचे होते.