गोणी आणि पाइप

"दाजी, खत म्हंजे काय विष हाय व्हय?" सांगलीकडे खतांचं दुकान चालवणाऱ्या माझ्या मेहुण्याचा हा सवाल डोक्यातून जाईना. राग येण्याचं कारण एवढंच की तो खरं बोलत होता. नत्र-स्फुरद समुद्रात मारत नाहीत, पोसतात. सूक्ष्म वनस्पती फोफावतात, मरून तळाशी जातात आणि त्या कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. हे काही नव्याने सांगायला नको. मला महत्त्वाचा वाटतो तो फरक वेगळाच आहे. विष ओतणारा सापडतो, जास्तीचं अन्न ओतणारा सापडत नाही. आयोवातल्या मक्याचं नत्र मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात उतरतं. 2017 साली तिथला प्राणवायूच्या तुटीचा पट्टा सुमारे 22,700 चौरस किलोमीटरचा होता. काळ्या समुद्राचं वायव्येकडचं उथळ पाणी मात्र 1990च्या दशकात सुधारू लागलं, कारण सोविएत व्यवस्था कोसळल्यावर डॅन्यूबच्या खोऱ्यात खत परवडेनासं झालं. पर्यावरण खात्यांनी याचं श्रेय घेऊ नये.

मेहुण्याला गप्प करायला एवढं पुरेसं होतं. पण मग गोवा आडवा आला. दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोरचं पाणी 1997 पासून वर्षानुवर्षं तपासलं. पावसाळ्यात अरबी समुद्राच्या खोलातलं, आधीच प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडे चढतं. वर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर पसरतो, त्यामुळे वरची हवा खाली पोचत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाशी सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. मोसमी वाऱ्यांना यासाठी युरिया लागत नाही. माणसाने त्यात किती भर घातली, यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत.

त्यात मेहुण्याच्या गिऱ्हाइकांच्या उसाचं नत्र तर नसतंच! कृष्णा पूर्वेला वाहते, गोदावरीही. खानदेशची तापी सोडली, तर सह्याद्रीपलीकडच्या बहुतेक शेतांचं खत बंगालच्या उपसागराकडे जातं. त्याचा जाब आंध्रच्या किनाऱ्यावर द्यावा लागेल. मुंबईसमोरच्या समुद्राला सर्वांत थेट मिळतं ते आमचं शहरी मैलापाणी. वरळी आणि वांद्र्याहून पाइप तीन किलोमीटरहून अधिक आत नेलेत, आणि कित्येक वर्षं त्यांतून जेमतेम चाळण होऊनच पाणी गेलं. चाळणीत प्लास्टिक अडकतं, नत्र नाही. जो समुद्र दर पावसाळ्यात स्वतःहूनच गुदमरतो, त्याच्या बाबतीत 'निसर्गच करतो' हे वाक्य सुटकेचं नाही. उलट आपल्याला मोकळीक कमी आहे, असा त्याचा अर्थ. तेव्हा पश्चिम किनाऱ्यापुरती आधी मैलापाण्यातलं नत्र काढणारी प्रक्रिया मागायला हवी. ती महाग पडेल, आणि तिचं बिल उसाच्या नावावर फाडता येणार नाही.