खऱ्या कामाची भूक

डिसेंबर लागला की बंगळुरूच्या बाजारात अवरेकाईचे ढीग पडतात. आपण जिला पावटा म्हणतो तीच ही शेंग, पण इथल्या थंडीत आणि दवात तिला एक उग्र, तेलकट वास येतो. कन्नड माणसे त्याला सोगडु म्हणतात, आणि जाणकार गिऱ्हाईक भाव विचारण्याआधी शेंग नाकाशी धरते. या दाण्यांची हितकिद बेळे करायची तर ते काही तास भिजत घालायचे आणि मग एकेक दाणा अंगठा व तर्जनीत धरून दाबायचा. साल बोटांत राहते, डाळ टपकन वाटीत पडते. कोकणात वालाच्या डाळिंब्या सोलतात तसेच हे काम, फक्त इथे मोडाची वाट पाहत नाहीत.

माझ्या भाचीचा पाच वर्षांचा मुलगा शाळेत जात नाही, घरीच शिकतो. जानेवारीत तिच्याकडे गेलो असताना तो या कामाला बसलेला पाहिला. जोर जास्त झाला की दाणा चिरडत होता, कमी पडला की साल सुटत नव्हती. एक दाणा उडून फ्रिजखाली गेला, तो त्याने पट्टीने ओढून काढला, धुतला आणि वाटीत टाकला. कोणी काही सांगत नव्हते. हळूहळू त्याच्या बोटांना नेमका दाब सापडला. मग तो थांबला आणि वाटीकडे बघत म्हणाला, "आई, आजोबांनापण पुरेल का गं?" आणि दाणे पाच-पाचाच्या ढिगांत मांडायला लागला.

त्याच घरात कपाटभर साहित्य आहे. रंगवलेले तांदूळ, छापील सरावपाने, आणि चिमट्याने लोकरीचे गोंडे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकण्याचा एक खेळ. हा खेळही बोटांच्या त्याच स्नायूंसाठी आहे आणि तो वाईट नाही. पण सगळे गोंडे दुसऱ्या वाटीत गेले की ते पुन्हा पहिल्या वाटीत ओतायचे असतात. पाच वर्षांच्या मुलाला हे कळते. आपण केलेले काम पुसले जाणार आहे, ते कोणाला हवे नव्हते, हे त्याला शब्दांत सांगता येत नाही इतकेच. म्हणून गोंडे लवकर बाजूला पडतात आणि पावटा सोलायला मूल तासभर बसते.

मारिया माँटेसरींनी 1907 साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले, तेव्हा त्यांच्याही हे लक्षात आले होते. किमती खेळणी पडून राहत आणि मुले पाणी ओतणे, पुसणे, गुंड्या लावणे यांत रमत. 1939 मध्ये त्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासजवळ अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे 1946 पर्यंत भारतातच राहिल्या. पुढे त्यांची पद्धत इथे रुजली खरी, पण बहुतेक ठिकाणी महागड्या लाकडी साधनांच्या संचासकट, आणि पैसेवाल्यांच्या मुलांसाठी.

ती गाठ सोडवली तारा मोडकांनी. गिजुभाई बधेकांसोबत 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा करणाऱ्या, दादरच्या शिशुविहारात शहरी मुलांत काम केलेल्या ताराबाई 1945 साली बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या, आणि 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मधोमध गेले. विकत आणलेल्या साधनांऐवजी तिथे शंख-शिंपले, बिया, पाने, खडे आले. मुले बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. आजच्या अंगणवाडीचे मूळ त्या अंगणात आहे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. मला त्यांच्या कामातला हा भाग सर्वांत मोठा वाटतो. गुराखी मुलाला कामातून सोडवून शाळेत बसवणे हा सरळ विचार होता, पण त्यांनी आधी त्याचे काम पाहिले. मोजणे, ओळखणे, लक्ष ठेवणे, अंदाज बांधणे हे त्या कामात होतेच.

कोसबाडच्या मुलांपाशी काम भरपूर होते, शाळा नव्हती. भाचीच्या बंगळुरूतल्या चौदाव्या मजल्यावर नेमके उलटे आहे. तिथे भाजी निवडून येते, डाळिंबाचे दाणे सोलून डब्यात मिळतात, झाडूपोछा दुसरे कोणी करते, कपडे यंत्र धुते. मोठ्या माणसांचे काम पडद्यावर चालते आणि मुलाला त्यातले काहीच दिसत नाही. घरातून काम निघून गेले आणि त्याच्या रिकाम्या जागी अ‍ॅक्टिव्हिटी आली. म्हणूनच मला वाटते, घरी शिकवणाऱ्या आईबापांनी नवनव्या कल्पना शोधण्यात रात्री घालवू नयेत. गेलेल्या कामातले थोडे परत आणावे आणि त्यात मुलाला खरा वाटा द्यावा, उशीर होईल, सांडेल, हे धरून.

खऱ्या कामात चूक-बरोबर सांगायला मोठ्या माणसाची गरज पडत नाही, वस्तूच सांगते. मुलांसाठी साध्या वस्तूंतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमितीचे सांगाडे उभे केले. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. पुलाला त्रिकोण का लागतात हे मुलाच्या बोटांना आधी कळते, नाव मागाहून आले तरी चालते. चन्नपट्टण बंगळुरूहून साठेक किलोमीटरवर, म्हैसूरच्या रस्त्याला. तिथली लाकडी खेळणी सगळेच विकत घेतात, पण ती होताना मुलाला दाखवावीत. काळ्या कुड्याचे हलके लाकूड चरकावर फिरते, त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते, आणि केवड्याच्या जातीच्या पात्याने घासल्यावर तिला चकाकी येते.

तसाच भुईमूग. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत नंदीच्या देवळापाशी कडलेकाई परिषे भरते, रस्ता शेंगांनी भरून जातो. तिथून आणलेल्या कच्च्या शेंगांतले काही दाणे राखून ठेवावेत आणि ऊन वाढले की खोल कुंडीत पेरावेत. महिनाभराने पिवळी फुले येतात. फूल सुकले की त्याच्या बुडातून आरी निघते, वाकते आणि मातीत शिरते. फूल वर आणि शेंग खाली, हे पुस्तकातल्या चित्रात पाहून विसरायला होते. रोज पाणी घालणारे मूल ते विसरत नाही. आणि पाणी जास्त झाले तर झाड कुजते, हेही त्याला झाडच सांगते.

घरी शिकवताना कायद्याचे काय, तेही थोडक्यात. शिक्षणहक्काचा 2009 चा कायदा सहा ते चौदा वयोगटासाठी आहे, त्यामुळे पाच वर्षांच्या मुलाबाबत प्रश्न उद्भवत नाही. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून परीक्षा देण्याची वाट आहे, आणि स्वशिक्षण ही घरी शिकवणाऱ्या पालकांची संघटना एकमेकांना धीर देते.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. अंगणवाडीत वाडी होती. दहा-बारा मुले होती, त्यांची भांडणे होती, कोणाचा शिंपला कोणी घेतला याचे न्याय होते. घरात एकच मूल आणि एकच आई असते, आणि बहुतेक वेळा नोकरी सोडलेली आईच. ताराबाईंनी बालसेविका घडवल्या, कारण लहान मुलांना शिकवणे हे प्रेमाने आपोआप होत नाही, ते शिकावे लागते, हे त्यांना पटलेले होते. ते सगळे ओझे एका स्वयंपाकघरावर टाकणे मला योग्य वाटत नाही. शिवाय भाचीच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंची मुलगी साधारण त्याच वयाची. अंगणवाडीला सुटी असली की ती आईबरोबर येते आणि दाराशी बसते. तिच्या हाताला पावटा सोलण्याची सवय आहे, तिचे दाणे चिरडत नाहीत. मी भाचीला म्हटले, याला शिकवायला तुझ्यापेक्षा ती बरी.

भाचीने ते मनावर घेतले. इमारतीच्या मागे कुंपणाला लागून मातीची एक पट्टी रिकामी आहे, ती तिने मागून घेतली आहे. जूनच्या पहिल्या पावसानंतर तिथे भुईमूग पेरायचा, आणि इमारतीतली, रखवालदाराची, कामाला येणाऱ्या बायकांची, जी येतील ती सगळी मुले पेरायला घ्यायची, असे ठरले आहे.